वाटेवरून आलेला आवाज

प्रश्न : मुलगा फोंड्याहून लेहच्या मोटारसायकल रॅलीला निघणार आहे. मागे कोल्हापूरला गेला तेव्हा वाटेतून पाठवलेल्या ऑडिओत नुसता वाराच ऐकू आला. काय करावं?

उत्तर : ताई, चालत्या गाडीवरून बोलूच नको म्हणावं. चोर्ला घाटात मीही तेच केलं होतं. आईला नुसती घरघर पोचली, बिचारी रात्रभर जागी. गाडी बाजूला लावायची, इंजिन बंद, हेल्मेट काढून वाऱ्याकडे पाठ करायची आणि फोन जॅकेटच्या आडोशाला धरायचा. आधी ठिकाण नि वेळ, मग जेवणखाण. आणि हो, गोव्याचं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही. निघण्याआधीच पोस्टपेड करून घ्या. मनालीपुढे तासन्‌तास रेंज नसते. व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप रेंज आली की आपोआप येतो. तोवर तुम्ही वेळेवर जेवा.