पैसे तर आधीच मिळालेत, मग समायोजन नोंदीत रोख खातं का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका वर्षाचं भाडं 36,000 आगाऊ मिळालं, 1 मेपासूनचं. हिशेबाचं वर्ष 31 डिसेंबरला संपतं. तुम्ही समायोजन नोंद, म्हणजे वर्षअखेरीला उत्पन्न-खर्च ज्या-त्या वर्षात बसवण्यासाठी करायची नोंद, केलीत ती अशी (नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट): रोख खातं नावे 12,000, आगाऊ मिळालेलं भाडं खातं जमा 12,000. पुस्तकातल्या उत्तरात मात्र रोख खातं कुठेच नाही, तिथे मिळालेलं भाडं खातं नावे टाकलंय. शिवाय तुम्ही विचारलंय, की हा सगळा उपद्व्याप करायचाच कशाला? पैसे आले की उत्पन्न, गेले की खर्च, एवढं सरळ का ठेवत नाहीत?

दुसरा प्रश्न आधी घेते. तो सुटला की पहिल्याचं उत्तर तुम्हीच द्याल.

समजा, एखाद्या संस्थेने डिसेंबरभर काम केलं, बिल डिसेंबरात दिलं आणि पैसे फेब्रुवारीत आले. रोख पद्धतीने लिहिलं तर डिसेंबर कोरडा दिसतो आणि ज्या फेब्रुवारीत त्या कामाला कुणी हातही लावला नाही, तो भरभराटीचा दिसतो. हे एक वेळ चालवून घेऊ. खरी अडचण पुढे आहे. डिसेंबरात आलेली देण्याची बिलं नुसती टेबलाच्या खणात ठेवली आणि जानेवारीत चुकती केली, तर वर्षाचा नफा तेवढ्याने वाढतो! धंदा तोच, काम तेच, देणंही तेवढंच, फक्त चेक कधी फाडला यावर नफा ठरतो. जो आकडा एका खणाने बदलतो, त्यावर विसंबून कर्ज कोण देणार आणि भांडवल कोण गुंतवणार?

म्हणून उपार्जन पद्धत, ऑफिसात आपण जिला ॲक्रुअल म्हणतो ती. उत्पन्न ज्या काळात कमावलं त्या काळाचं. खर्च ज्या काळात लागला त्या काळाचा. पैसे कधी हलले हा वेगळा प्रश्न आहे, आणि तोही कुणी विसरत नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र रोख प्रवाह पत्रक असतं. आंतरराष्ट्रीय लेखा मानकांची तर अटच आहे, की रोख प्रवाहाची माहिती वगळता बाकी वित्तीय विवरणं उपार्जन पद्धतीनेच करायची.

आता अडचण अशी, की आपण रोजकीर्दीत रोज जे लिहितो ते बहुतेक कागद समोर आला म्हणून लिहितो. पावती आली, बिल आलं, बँकेतून रक्कम गेली. पण काही गोष्टी कागदाशिवाय घडतात. विम्याचा एकेक दिवस सरत असतो, कर्जावर रात्रीतून व्याज चढत असतं, यंत्र झिजत असतं. यांची पावती कुणी आणून देत नाही. वर्ष संपताना आपणच थांबून विचारायचं, की आज रात्री बारा वाजता कोण कुणाचं काय देणं लागतं आणि पुढच्या वर्षासाठी आपल्या हातात काय उरलंय? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात उतरवणं म्हणजे समायोजन नोंद.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. आठवड्याचा पगार 50,000, सोमवार ते शुक्रवार काम, शुक्रवारी वाटप. 31 डिसेंबर 2025 हा बुधवार होता. त्या संध्याकाळी कामगारांनी तीन दिवस काम केलेलं आहे, हातात काही पडलेलं नाही. तीन दिवसांचे 30,000 हा 2025 चा खर्च आहे आणि त्या रात्री ते संस्थेचं देणंही आहे. म्हणून पगार खातं नावे 30,000, अदत्त (म्हणजे अजून न दिलेला) पगार खातं जमा 30,000. रोख हलली नाही, म्हणून रोख खातं आलं नाही. शुक्रवारी, 2 जानेवारीला, 50,000 गेले. त्यातले 30,000 जुनं देणं फेडायला आणि गुरुवार-शुक्रवारचे 20,000 नव्या वर्षाचा खर्च. म्हणजे अदत्त पगार नावे 30,000, पगार नावे 20,000, रोख जमा 50,000.

या नोंदीकडे पुन्हा एकदा बघा. पगार हे नफा-तोट्यातलं खातं, अदत्त पगार हे ताळेबंदातलं. प्रत्येक समायोजन नोंदीचा एक पाय नफा-तोट्यात आणि दुसरा ताळेबंदात असतो. रोख खातं यात कधीच नसतं, कारण रोख ज्या दिवशी हलली त्याच दिवशी तिची नोंद झालेली असते किंवा ती अजून हललेलीच नसते. (बँकेने कापलेलं शुल्क वर्षअखेरीला सापडलं तर ते लिहावं लागतं, पण ती राहून गेलेली नोंद आहे, समायोजन नव्हे. ही दोन कामं एकत्र केली की गोंधळ उडतो.) नोंद लिहून झाली आणि तिच्यात रोख किंवा बँक दिसली, तर पेन खाली ठेवून पुन्हा विचार करायचा. तुमच्या उत्तराला ही कसोटी लावा. 36,000 मिळाले ते 1 मेला. 31 डिसेंबरला कुणीही 12,000 आणून दिलेले नाहीत. तुमच्या नोंदीने रोख शिल्लक 12,000 ने फुगली, प्रत्यक्षात ते पैसे कुठेच नाहीत.

विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतात ती जागा मात्र वेगळीच आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळते. 1 ऑक्टोबरला वर्षाचा विमा उतरवला, हप्ता 24,000. डिसेंबरअखेर तीन महिने सरले, म्हणजे 6,000 खर्च झाला आणि 18,000 अजून शिल्लक आहे. नोंद कितीची करायची, 6,000 ची की 18,000 ची? दोन मुलं दोन उत्तरं देतात आणि दोघांचंही बरोबर असू शकतं. 1 ऑक्टोबरला ती रक्कम कुठे टाकली होती यावर ते अवलंबून आहे. पूर्वदत्त (आधीच भरलेला) विमा म्हणून, म्हणजे मालमत्ता म्हणून लिहिली असेल, तर संपलेला भाग बाहेर काढायचा: विमा खर्च नावे 6,000, पूर्वदत्त विमा जमा 6,000. पहिल्याच दिवशी सगळी खर्चात टाकली असेल, तर उरलेला भाग खर्चातून परत काढायचा: पूर्वदत्त विमा नावे 18,000, विमा खर्च जमा 18,000. शेवटी दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी येतात, खर्च 6,000 आणि मालमत्ता 18,000. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की गणित वाचताना आधी तेरीज पत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी बघा. रक्कम आत्ता कोणत्या खात्यात बसली आहे हे बघितल्याशिवाय नोंद करायला घेऊच नका. ‘पूर्वदत्त असेल तर असं, अदत्त असेल तर तसं’ हे पाठांतर इथेच दगा देतं.

बाकीचे प्रकार याच चालीचे. 1 नोव्हेंबरला 1,00,000 दरसाल 12 टक्क्यांनी कर्जाऊ दिले असतील, तर दोन महिन्यांचं 2,000 व्याज कमावलेलं आहे, मिळालं नसलं तरी: येणे व्याज नावे, व्याज उत्पन्न जमा. घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेचा दर वर्षी लिहायचा खर्च, हा तसा पूर्वदत्त खर्चाचाच मोठा भाऊ. यंत्र घेतलं म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांचा वापर आधीच विकत घेतला. फरक एवढाच, की विम्याचे महिने मोजता येतात, यंत्राचं आयुष्य अंदाजानेच ठरवावं लागतं. संशयित कर्जांच्या, म्हणजे बुडण्याची शक्यता असलेल्या येण्याच्या तरतुदीतही अंदाज असतो. अंदाज आला म्हणून बिचकू नका. कारणं लिहून ठेवलेला प्रामाणिक अंदाज हा ‘शून्य’ लिहिण्यापेक्षा सत्याच्या जवळ असतो.

जुळणी तत्त्वाबद्दल एक खुलासा करायलाच हवा. उत्पन्न मिळवायला जो खर्च लागला तो त्याच काळात दाखवायचा, असं आपण शिकतो, आणि शिकायला ते चांगलं आहे. पण ते ताणून ‘या खर्चाचा फायदा पुढे मिळेल, तेव्हा आत्ता मालमत्तेत टाकू’ असं म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांच्या 2018 च्या संकल्पनात्मक चौकटीत हे स्पष्ट लिहिलं आहे: जुळणी हे स्वतःच उद्दिष्ट नाही आणि जे मालमत्तेच्या किंवा देण्याच्या व्याख्येत बसत नाही, ते केवळ जुळणीसाठी ताळेबंदात ठेवता येत नाही.

ही काटेकोर भाषा कशासाठी, ते वर्ल्डकॉमच्या प्रकरणात दिसतं. ही अमेरिकेतली दूरसंचार कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या लाइन वापरण्यासाठी त्यांना शुल्क देत असे. शुल्क त्या-त्या काळातच वापरून संपलेलं, म्हणजे सरळसरळ खर्च. पण नोंदी करून त्यातला मोठा भाग भांडवली मालमत्ता म्हणून ताळेबंदात सरकवला गेला. कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षकांनी तो शोधून काढला आणि जून 2002 मध्ये कंपनीने जाहीर केलेला पहिला आकडा होता 3.8 अब्ज डॉलर. पुढे तो आणखी वाढला. खर्च नावे टाकायच्या ऐवजी मालमत्ता नावे, हाताळणी एवढीच. पूर्वदत्त विम्याची नोंद दिसायला अगदी तशीच असते. फरक असा, की विम्याचे नऊ महिने खरोखर शिल्लक असतात, या शुल्काचं काहीच शिल्लक नव्हतं. म्हणून समायोजन नोंदीखाली स्पष्टीकरण लिहिताना ‘समायोजन केले’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती महिने, कोणत्या करारावरून, हे सगळं तिथे हवं.

आणखी एक गोष्ट परीक्षेत फारशी विचारत नाहीत, पण कामाला लागलात की पहिल्याच वर्षी समोर येईल. मी नवीन असताना डिसेंबरअखेर अदत्त पगाराची नोंद अगदी बरोबर केली होती. जानेवारीत पगार वाटला तेव्हा सवयीने पूर्ण रक्कम पगार खात्याला नावे टाकली. त्यामुळे ते तीन दिवस दोन्ही वर्षांच्या खर्चात आले आणि अदत्त पगाराची शिल्लक वर्षभर जागची हलली नाही. ती मला सापडली पुढच्या डिसेंबरात, खतावणी चाळताना, जेव्हा तोच आकडा पैशापैशानिशी तसाच पडलेला दिसला. कुणाचंही देणं नव्हतं आणि तरी ते पुस्तकात होतं, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला अशी नोंद उलटवते: अदत्त पगार नावे 30,000, पगार जमा 30,000. मग शुक्रवारी पूर्ण 50,000 पगार खात्याला नावे टाकले तरी निव्वळ 20,000 च उरतात. प्रत्येक नोंद मात्र उलटवायची नसते. घसारा उलटवला तर झालेली झीजच पुसली जाईल. जिथे पुढच्या काळात त्याच बाबीचे पैसे येणार किंवा जाणार आहेत, तिथेच हा उपाय कामाचा.

आता तुमचं भाड्याचं गणित. मे ते डिसेंबर आठ महिने, म्हणजे 24,000 कमावले. उरलेले चार महिने भाडेकरूला जागा द्यायची आहे, म्हणून 12,000 हे तुमच्या डोक्यावरचं देणं. 1 मेला सगळे 36,000 मिळालेलं भाडं खात्यात, म्हणजे उत्पन्नात जमा झालेले आहेत, म्हणून पुस्तकाने त्यातून 12,000 काढले: मिळालेलं भाडं नावे 12,000, आगाऊ मिळालेलं भाडं जमा 12,000. समजा, 1 मेलाच ती रक्कम आगाऊ मिळालेलं भाडं म्हणून देण्यात टाकली असती, तर आज काय नोंद आली असती? आगाऊ मिळालेलं भाडं नावे 24,000, मिळालेलं भाडं जमा 24,000. कोऱ्या कागदावर दोन्ही खात्यांच्या टी (T आकारात डावीकडे नावे, उजवीकडे जमा) काढून दोन्ही रस्त्यांनी एकदा जाऊन या. दोन्हीकडे उत्पन्न 24,000 आणि देणं 12,000 उरलं, रोख खात्याला कुठेच हात लागला नाही, तर गणित सुटलं. आकडे जुळले नाहीत तर दोन्ही टी इथेच लिहून पाठवा, मी बघते.