‘काथिस्मा’ आणि ‘कॅथेड्रल’: नातं आहे का?

प्रश्न असा होता: जेरुसलेम-बेथलेहेम रस्त्यावरच्या ‘काथिस्मा’ चर्चच्या नावाचं ‘कॅथेड्रल’शी नातं आहे का, आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

नातं आहे, पण सख्खं नव्हे, चुलत. दोन्ही ग्रीक शब्द ‘काता’ (खाली) या उपसर्गाचे, आणि दोन्हींच्या पोटात बसण्याचा धातू तोच, आपला ‘सद्’. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘स’चा ग्रीकमध्ये ‘ह’ होतो, सप्तचं ‘हेप्टा’ होतं तसा. म्हणजे आपली संसद आणि परिषदही याच कुळातल्या! ‘काथेद्रा’ म्हणजे बिशपचं, म्हणजे वरिष्ठ ख्रिस्ती धर्मगुरूचं, आसन. ते ज्या चर्चमध्ये असतं ते कॅथेड्रल. ‘काथिस्मा’ म्हणजे नुसती बसायची जागा. कॉन्स्टँटिनोपलच्या शर्यतींच्या मैदानातला सम्राटाचा सज्जाही काथिस्मा, आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपासनेत बायबलमधल्या स्तोत्रांचे जे वीस भाग करतात तेही.

आपल्या चर्चच्या जागी बसली होती येशूची आई मरिया. बेथलेहेमला जाताना वाटेत ती एका खडकावर टेकली, अशी श्रद्धा. इकेलिया नावाच्या विधवेने पाचव्या शतकात तिथे चर्च बांधलं. पुढे ते मातीखाली गेलं, इतकं की जवळच्या रामात राहेलच्या उत्खननात निघालेल्या दुसऱ्याच चर्चला अभ्यासक काथिस्मा समजू लागले. १९९२ मध्ये रस्ता रुंद करताना मार एलियास मठाजवळ अवशेष लागले. पुरातत्त्वज्ञ रिना अव्नेर यांनी खोदकाम केलं तेव्हा निघाली एकात एक बसवलेल्या अष्टकोनांची इमारत, आणि बरोब्बर मध्यभागी उघडा खडक. भोवती सगळी फरसबंदी, तेवढा खडक मात्र तसाच ठेवलेला.

पण शब्दवेड्याला खरी गंमत वाटते ती शेजारच्या विहिरीची. अरबीत तिचं नाव ‘बीर कादिस्मू’. बीर म्हणजे विहीर. ‘कादिस्मू’ हे आपलं काथिस्माच, ‘थ’चा ‘द’ झालेलं. चर्च कुठे होतं हे लोक विसरले, नाव मात्र तोंडात राहिलं. अष्टकोन आणि खडक यांच्या जोडीला हे नाव आल्यावर ओळख पक्की झाली.

राहिला मराठी प्रतिशब्द. ‘बैठक’ नको, लगेच अजेंडा डोळ्यांपुढे येतो. ‘पीठ’ म्हटलं की अधिकार आला. तो कॅथेड्रलला शोभेल. पालखीच्या वाटेवर असतो तो ‘विसावा’ मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण वाट, थकवा आणि पावित्र्य तिन्ही त्यात आहेत. तरी लेखात मूळ विशेषनाम ठेवावं आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘मरियेचा विसावा’ असा खुलासा जोडावा.