एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, ऑफेन्सिव्ह आणि डिफेन्सिव्ह लाइनची राखीव फळी कशी उभी करतात? दोन लाइनमन जखमी झाले की अख्खा संघच का ढेपाळतो?

दुसरा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) वाचवणारे पाच जण: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. त्यांना भेदायला समोरून येते ती डिफेन्सिव्ह लाइन. बाकावर किती जण बसलेत हे मोजून ऑफेन्सिव्ह लाइनची ताकद कळत नाही. एक माणूस बाहेर गेल्यावर किती जणांच्या जागा हलतात, ते बघायचं. एकाच्या जागी एक आला आणि उरलेले चौघे जिथल्या तिथे राहिले, तर फळी भक्कम. एकासाठी तिघांना सरकावं लागलं, तर फळी फक्त कागदावर आहे.

७ फेब्रुवारी २०२१ चा ५५वा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, आठवा. कॅन्सस सिटी चीफ्सचा उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ हंगामाच्या मध्यातच पाठीच्या दुखण्याने बाहेर गेला होता आणि त्याची जागा माइक रेमर्सने घेतली होती. तोवर निभावलं. मग सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात डावा टॅकल एरिक फिशरच्या टाचेमागची शीर (अकिलिस) तुटली. रेमर्स उजवीकडून डावीकडे, गार्डवरचा अँड्र्यू वायली उजव्या टॅकलवर आणि वायलीच्या रिकाम्या जागी स्टेफन विस्निएव्स्की. पडला एक, हलल्या तीन जागा. समोरच्या टॅम्पा बेच्या पुढच्या फळीने चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सवर २९ वेळा दबाव आणला, चीफ्सना एकही टचडाउन (चेंडू थेट समोरच्या टोकाला नेणं) करता आला नाही आणि ते ३१–९ असे हरले.

बघणाऱ्याला वाटतं, टॅकल तो टॅकल, डावा काय नि उजवा काय. डावीकडे उभा राहणारा डावा पाय मागे ठेवतो, स्नॅप झाला (सेंटरने चेंडू मागे दिला) की पहिलं पाऊल त्याच डाव्या पायाने मागे टाकतो आणि बाहेरच्या रशरला, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला, डाव्या हाताने अडवतो. उजवीकडे गेला की हे सगळं आरशातल्यासारखं उलटं. कबड्डीतला डावा कोपरा ऐन सामन्यात उजव्या कोपऱ्यात उभा करा, घोटा कुणाचा नि पकड कुणाची असं होतं. इथे तर समोरचा सव्वाशे किलोचा माणूस पूर्ण वेगाने येत असतो. गार्डला टॅकल करणं त्याहून वाईट. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात. टॅकलच्या बाहेर मोकळं मैदान, आणि तिथे हात आखूड पडले की रशर आधी छातीला भिडतो. म्हणून स्काउट टॅकलचे हात मोजून घेतात. ३३–३४ इंचांच्या खाली गेले की ‘याला गार्ड करा’ अशी कुजबुज सुरू होते.

५३ जणांच्या यादीत साधारण नऊ ऑफेन्सिव्ह लाइनमन असतात, कधी आठ, कधी दहा. पाच खेळणारे. सहावा स्विंग टॅकल, म्हणजे डावी-उजवी दोन्ही बाजू खरोखर खेळू शकणारा. ‘खरोखर’वर जोर अशासाठी, की बऱ्याच संघांत हा माणूस आठवडाभर एकाच बाजूला सराव करतो आणि दुसरी बाजू देवावर सोडलेली असते. सातवा दोन्ही गार्ड आणि सेंटर खेळणारा. आठवा-नववा शिकाऊ.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित तो सातवा. राखीव सेंटरने फक्त अडवून भागत नाही. क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा असताना चेंडू दर वेळी त्याच उंचीवर, त्याच वेगाने गेला पाहिजे. तो गुडघ्याशी गेला की क्वार्टरबॅकची नजर मैदानावरून खाली येते, आणि तेवढ्यात रिसीव्हरची (पास पकडणाऱ्याची) वेळ चुकते. शिवाय समोरची मांडणी वाचून ‘मधला लाइनबॅकर (डिफेन्सिव्ह लाइनच्या मागे उभा राहणारा) कोण’ हे ओरडून सांगायचं काम बहुधा सेंटरचंच. ते चुकलं तर पाचही जण चुकीच्या माणसाकडे वळतात. त्यामुळे राखीव सेंटरने पहिल्या क्वार्टरबॅकबरोबर दर आठवड्याला स्नॅप टाकलेच पाहिजेत, ओल्या चेंडूनेसुद्धा. ‘गरज पडली तर गार्ड टाकेल’ ही योजना नव्हे, नवस आहे.

नियमही इथे थोडी मदत करतो. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२० च्या करारापासून सामन्याच्या दिवशी ४८ जण सज्ज ठेवता येतात, पण त्यातले किमान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन असतील तरच. नाहीतर ४७. म्हणजे आठव्या लाइनमनची जागा जवळजवळ फुकट मिळते. ती सोडणारा प्रशिक्षक मला अजून समजलेला नाही.

माणसं आणायची कुठून? बाजारात तयार टॅकल मिळत नाहीत, मिळाले तर महाग असतात किंवा कुठेतरी दुखावलेले. कॉलेजचे बरेच संघ पसरट मांडणीने, भराभर खेळतात. तिथून आलेल्या पोराने वाकून, हात जमिनीला टेकवून सुरुवात क्वचितच केलेली असते. आणि लीगच्या त्याच करारानुसार नियमित हंगामात पॅड घालून फक्त १४ सराव करता येतात. पॅडशिवाय लाइनमन घडवणं म्हणजे मातीशिवाय पैलवान घडवणं. म्हणून गरज पडायच्या दोन वर्षं आधी माणूस निवडावा लागतो. ड्राफ्टमधून (कॉलेजच्या खेळाडूंची दरवर्षीची निवड) आलेल्या नवख्याचा करार चार वर्षांचा असतो. तेव्हा दोन वर्षांनी कोणाचा करार संपतोय किंवा कोण पस्तिशीला टेकतोय, हे बघून आजचा ड्राफ्ट करायचा.

फिलाडेल्फिया ईगल्सने हे नीट केलं. सेंटर जेसन केल्सी अजून खेळत असताना २०२२ मध्ये ५१व्या क्रमांकावर कॅम जर्गन्स घेतला. तो पहिलं वर्ष बसला, दुसरं वर्ष उजव्या गार्डवर खेळला आणि २०२४ मध्ये केल्सी निवृत्त झाल्यावर सेंटरला उभा राहिला. डावा टॅकल जॉर्डन मायलाटा तर आधी ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा, २०१८ चा सातव्या फेरीतला २३३वा. पहिले दोन हंगाम त्याने एकही सामना खेळला नाही. शेवटच्या फेरीतल्या माणसावर दोन वर्षं थांबायची तयारी किती संघांची असते?

थांबायचं म्हटलं तरी ऑगस्टअखेर ९० जणांतून ५३ ठेवायचे असतात आणि चूक नेमकी तिथे होते. ‘नवव्याला सोडू, उद्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावासाठी ठेवलेल्या जादा खेळाडूंत) घेऊ’ असा हिशेब करतात. पण चार हंगाम न भरलेला खेळाडू आधी वेव्हर्समधून जातो, म्हणजे बाकीच्या संघांना त्याच्यावर आधी हक्क सांगता येतो, तिथे लाइनमनची टंचाई असलेला कोणीतरी त्याला उचलतो आणि दोन वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या घरी जाते. प्रॅक्टिस स्क्वॉडवर १६ जागा असतात, दर सामन्याला दोघांना वर घेता येतं, पण एका खेळाडूला नियमित हंगामात तीनदाच. तेव्हा स्क्वॉड म्हणजे तात्पुरता टेकू. अनुभवी राखीव माणूस हवा असेल तर काही संघ पहिला आठवडा उलटल्यावर करार करतात, कारण पहिल्या आठवड्याच्या यादीत असलेल्या जुन्या खेळाडूचा वर्षभराचा पगार पक्का होतो. पैसे वाचतात खरे, पण तो माणूस तोवर घरी बसलेला असतो आणि त्याला तुमच्या खुणा येत नाहीत.

डिफेन्सिव्ह लाइनचं गणित उलटं. ऑफेन्सच्या पाचांना एका लयीत हलायचं असतं म्हणून ते बदलत नाहीत. डिफेन्सवाले मुद्दाम बदलतात. दर खेळीला चार-पाच सेकंद जीव तोडून ढकलायचं, आणि दमलेला रशर स्नॅपवर उशिरा उठतो. म्हणून सामन्याला आठ-नऊ जण सज्ज ठेवायचे, निम्मे कडेचे, निम्मे आतले. चांगल्यातल्या चांगल्यालाही ७० टक्क्यांच्या वर खेळ्या देऊ नयेत, निदान डिसेंबरपर्यंत.

चूक कुठे होते? दुसरी तुकडी एकसुरी खेळाडूंनी भरतात. एक फक्त धाव रोखणारा दीडशे किलोचा, दुसरा फक्त तिसऱ्या डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) क्वार्टरबॅकवर रश करणारा. ऑफेन्सने खेळाडू बदलले तर तुम्हालाही बदलायला वेळ मिळतो. त्यांनी न बदलता, मसलतीसाठी घोळका (हडल) न करता भराभर खेळायला सुरुवात केली की तुमचा जाडा गडी मैदानात अडकतो. चौथ्या खेळीला तो कमरेवर हात ठेवून उभा दिसला, की समजा पुढचा पास लांबचा येणार.

ईगल्सचीच दुसरी बाजू बघा. ९ फेब्रुवारी २०२५ च्या ५९व्या सुपर बोलमध्ये त्यांनी एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे जादा माणसं न धाडता, माहोम्सला सहा वेळा पाडलं (यालाच सॅक म्हणतात). जॉश स्वेटचे अडीच सॅक, मिल्टन विल्यम्सचे दोन. समोर डाव्या टॅकलवर कोण? जो थुनी, मूळचा डावा गार्ड, कारण चीफ्सकडे त्या वर्षी डावा टॅकलच टिकला नाही. त्याच्या गार्डच्या जागी माइक कॅलिएंडो. म्हणजे पुन्हा तेच, चार वर्षांनी.

अशी फळी टिकत मात्र नाही. सामना संपून महिना होतो न होतो तोच विल्यम्स चार वर्षांच्या १०.४ कोटी डॉलरच्या करारावर न्यू इंग्लंडला गेला, स्वेट ॲरिझोनाला. इतके पैसे सगळ्यांना देता येत नाहीत. २०२५ ची पगारमर्यादाच २७.९२ कोटी डॉलर होती. म्हणून पुढचा माणूस आधीच रोटेशनमध्ये २०–२५ खेळ्या खेळत असला पाहिजे. गेलेल्यांच्या बदल्यात पुढच्या वर्षी भरपाईचे ड्राफ्ट पिक मिळू शकतात, ते पुन्हा लाइनवरच खर्चायचे.

चीफ्सनी त्या उन्हाळ्याआधी टॅकल जेलन मूरला करारबद्ध केलं, पहिल्या फेरीत ३२व्या क्रमांकावर जॉश सिमन्स घेतला आणि थुनीला शिकागोला पाठवलं. तुमच्या संघाचं बघायचं असेल तर पुढच्या ऑगस्टमध्ये प्रीसीझनच्या (हंगामापूर्वीच्या) सामन्यांत चेंडू सोडून दोनच गोष्टी बघा: सहावा लाइनमन डावीकडे किती खेळ्या खेळला, आणि पहिला सेंटर बाहेर गेल्यावर स्नॅप कोणी टाकले.