काटेरी झुडूप, समोरासमोर पानं, झुपक्यात काळी फळं, हे करवंदच ना?

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरात सह्याद्रीतल्या एका गडाच्या वाटेवर हे झुडूप दिसलं, फळं काळी, वाटाण्यापेक्षा बारीक, एका दांड्यावर गच्च झुपका, आणि सोबतचे म्हणाले करवंदं आहेत, खा बिनधास्त, पण मुलीला द्यायची की नाही म्हणून तुम्ही थांबलात. थांबलात ते फार चांगलं केलंत. मला ती करवंदं वाटत नाहीत, घाणेरी वाटते, काही ठिकाणी तिला टणटणी म्हणतात.

पहिलं कारण म्हणजे महिना. डोंगरातली करवंदं पिकतात एप्रिल-मे मध्ये, पाऊस सुरू होईपर्यंत मिळतात, नोव्हेंबरात जाळी हिरवीगार असते पण पिकलेलं फळ नसतं. घाणेरीला मात्र जवळजवळ वर्षभर फुलं-फळं चालूच. दुसरं म्हणजे आकार, करवंद चांगलं बोराएवढं, निदान सेंटिमीटरभर तरी असतं आणि दोन-चार फळांचा सुटसुटीत घोस असतो. वाटाण्याहून बारीक नि एकमेकांना चिकटून बसलेली फळं ही घाणेरीची खूण.

पण खरं सांगू का, फळावरून झुडूप ओळखायला जाऊच नका. काळं गोल फळ शंभर झाडांना लागतं. मी आधी पान बघते, मग काटा, मग चीक, फळ सगळ्यात शेवटी.

पानं समोरासमोर दोघांचीही असतात, त्यामुळे तिथे फसायला होतं. पण हात लावून बघा, करवंदाचं पान जाड, गुळगुळीत, चकचकीत, कडेला एकही दात नाही. घाणेरीचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत, कडा करवतीसारखी, आणि चुरगाळलं की उग्र वास येतो, नावच त्यावरून पडलंय. खोडही चाचपून बघा, घाणेरीची कोवळी फांदी चौकोनी लागते आणि तिच्यावर बारीक वाकडे काटे असतात, कपड्यात अडकतात नि ओढलं की सालीसकट निघतात. करवंदाचा काटा म्हणजे वेगळंच प्रकरण, सरळ, टणक, पेराशी जोडीजोडीने आलेला, कधीकधी टोकाला दुभंगलेला. तो मुळात फांदीचाच बदललेला भाग आहे त्यामुळे सहज मोडत नाही, जाळीत हात घातलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मग चीक. करवंदाचं पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, फळ तोडतानाही येतो, ओठ चिकट होतात तो हाच. घाणेरीला असा चीक नसतो. मात्र ही खूण उलटी वापरू नका, म्हणजे चीक आला म्हणजे खायला हरकत नाही असं अजिबात नाही! कण्हेर आणि बिट्टी करवंदाच्याच कुळातल्या आहेत, त्यांनाही चीक असतो आणि दोन्ही जबर विषारी, बिट्टीच्या बियांनी तर माणसं दगावलीयत.

फुलं दिसली असती तर प्रश्नच मिटला असता. करवंदाचं फूल पांढरं, पाच पाकळ्यांची चांदणी, मंद सुवासाची. घाणेरीच्या एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं असतात कारण फूल जुनं होईल तसा रंग बदलतो.

आता हे सगळं इतकं लावून का धरतेय तर लहानपणी माझ्या चुलत भावाने घाणेरीची हिरवी फळं खाल्ली होती, रात्रभर उलट्या, घरात कोणालाच कळेना काय झालंय. पिकलेली काळी फळं पोरं खातात नि बऱ्याचदा काही होत नाही हे मलाही माहितीये, पण झुपक्यात कच्ची-पिकी एकत्र असतात आणि लहान मूल निवडून खात नाही. पाला खाऊन गुरांचं लिव्हर खराब होतं हेही सगळ्या गुराख्यांना ठाऊक आहे. बुलबुल खातात म्हणून आपल्याला चालेल हा हिशोबही चुकीचा, पक्ष्यांचं पोट वेगळं. आणि चव घेऊन ओळखायचं तर नावच काढू नका.

अजून एक, घाणेरी बऱ्याचदा करवंदाच्या जाळीतच घुसून वर चढलेली असते. त्यामुळे मे महिन्यात जाल तेव्हासुद्धा "ही करवंदाची जाळी" म्हणून सरसकट ओरबाडू नका, ज्या फांदीवरचं फळ तोडताय त्याच फांदीचं पान आणि काटा बघा. फळ तोडल्यावर देठाशी पांढरा थेंब आला, पान गुळगुळीत आहे, काटे जोडीने आहेत आणि फळ फोडल्यावर आत गर नि एकापेक्षा जास्त चपट्या बिया दिसल्या, एवढं सगळं जुळलं की मग मुलीला द्या, आणि आतल्या गराच्या रंगावरून पोरं खेळतात तसं कोंबडा निघतो की कोंबडी तेही तिलाच बघू दे.