सुई बाळाला लागेल का?

गडचिरोली जिल्ह्यातील एका जोडप्याची ही हकीकत ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते आहे. पती-पत्नी दोघेही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे एएस. सहा वर्षांचा थोरला मुलगा एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारी, आणि त्याच्या हाडांच्या दुखण्यापायी दवाखान्याच्या चकरा मारून दोघेही थकलेले. पुन्हा दिवस राहिले, तेव्हा डॉक्टरांनी वारेतील (गर्भाला पोसणाऱ्या अवयवातील) पेशींची तपासणी, म्हणजे सीव्हीएस, सुचवली. नवव्या आठवड्यात पत्नी माझ्याकडे समुपदेशनासाठी आली आणि बसता बसताच तिने विचारले, “मॅडम, सुई बाळाले तं नाही लागन न?”

सुई बाळापर्यंत जातच नाही, हे मी तिला कागदावर चित्र काढून दाखवले. सोनोग्राफीच्या पडद्यावर सतत लक्ष ठेवून ती बहुधा पोटावाटे वारेपर्यंत नेतात आणि तिथले अगदी थोडे ऊतक ओढून घेतात. वार आणि बाळ एकाच फलित बीजापासून वाढलेले असल्यामुळे बाळाचा डीएनए त्यातून वाचता येतो. जावेने मात्र कोणाचे तरी मूल ‘सुईने गेल्याचे’ तिला सांगितले होते. मी ती भीती खोटी ठरवली नाही. या आठवड्यांत काही गर्भ तपासणीविनाही पडतात, आणि तपासणीमुळे त्यात पडणारी भर अनुभवी हातांत 200 पैकी एकाहूनही कमी असते, एवढेच तिला समजेल असे वेगवेगळे करून सांगितले.

पतीला घाई होती, पण दहा आठवड्यांच्या आत केलेल्या तपासण्यांनंतर काही बाळांच्या हातापायांत व्यंग आढळल्याचे 1991 पासून नोंदले गेले आहे. म्हणून अकरा आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबणे हाच सुरक्षिततेचा भाग होता. तिचा रक्तगट निगेटिव्ह असल्याने, तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ नयेत म्हणून, नंतर अँटी-डी इंजेक्शन लागणार होते, आणि नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत याची खात्री करण्यासाठी तिचे रक्तही घ्यायचे होते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो सासूबाईंच्या एका समजुतीवर. चारांतले एक मूल आजारी निघते, ते तर झालेच, तेव्हा पुढची तीन निरोगीच होणार, असे त्यांना मनापासून वाटत होते. चारांत एक हा हिशेब प्रत्येक गरोदरपणात नव्याने सुरू होतो, हे चिठ्ठ्या उचलायला लावून, प्रत्येक वेळी उचललेली चिठ्ठी परत डब्यात टाकून, मी त्यांना दाखवले. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना कळल्याशिवाय सुनेवरचा दोष उतरत नाही, असे माझे मत आहे.

अहवाल एसएस आला तर काय करायचे, हे त्यांनी आधीच बोलून ठेवावे असे मी सुचवले. निर्णय काय घ्यावा, हे मी सांगितले नाही. मुलगा की मुलगी हे 1994 च्या कायद्यानुसार सांगितले जाणार नाही, हेही त्यांनी मराठी संमतीपत्र वाचून समजून घेतले आणि मग सही केली.

अहवाल एएस आला. तो घ्यायला येताना ती लग्न ठरत असलेल्या धाकट्या दिरालाही रक्त तपासायला सोबत घेऊन आली होती.