उबुंटूचं एन्क्रिप्ट केलेलं पार्टिशन डेटा न गमावता लहान करता येईल का? (४७५ जीबीच्या पार्टिशनमधून १०० जीबी मोकळे हवेत)

होय, येतं. पण आधी डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि लक्सचा (लिनक्समधली डिस्क एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) हेडर, म्हणजे किल्ल्यांची माहिती असलेला सुरुवातीचा भाग, तोही वेगळा जपून ठेवा (लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअपची 'लक्स हेडर बॅकअप' ही कमांड). हेडर बिघडला तर पासवर्ड तोंडपाठ असूनही काही उघडणार नाही. बॅकअपला जागा नसेल तर ती मिळेपर्यंत थांबा, असंच मी सांगेन.

एन्क्रिप्शन निवडून उबुंटू टाकलं की साधारणपणे डब्यात डबा अशी रचना होते. बाहेर पार्टिशन, त्यात लक्स, त्यात एलव्हीएमचं (जागेची लवचिक वाटणी करणारी व्यवस्था) फिजिकल व्हॉल्यूम, त्यात रूट (मुख्य सिस्टम) आणि बऱ्याचदा स्वॅप (रॅमला पूरक जागा) ही लॉजिकल व्हॉल्यूम्स, आणि रूटमध्ये ईएक्सटी४ ही फाइल सिस्टम. लहान करताना आतून बाहेर यायचं, मोठं करताना बाहेरून आत जायचं. हा क्रम उलटा झाला की डेटा जातो. जीपार्टेड हे पार्टिशनचं चित्ररूप साधन लॉजिकल व्हॉल्यूमला हात लावत नाही, त्यामुळे इथे टर्मिनलच बरा.

माउंट असलेलं (वापरासाठी जोडलेलं) ईएक्सटी४ लहान होत नाही, म्हणून लाइव्ह यूएसबीवरून सुरू करा. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. लक्स उघडा, पण रूट माउंट करू नका. आधी फाइल सिस्टम तपासणारं 'ई२एफएससीके -एफ' चालवा, मग 'एलव्हीरिड्यूस -आर' वापरून रूट ११० जीबीने कमी करा. त्या '-आर'मुळे फाइल सिस्टम आधी आणि व्हॉल्यूम नंतर लहान होतं. तो विसरलात तर फाइल सिस्टमचं शेपूट कापलं जाईल. १००ऐवजी ११० मुद्दाम सांगतोय, मधे मोकळी जागा असली की पुढची आकडेमोड थोडी चुकली तरी निभावतं.

आता 'पीव्हीरिसाइझ'ने फिजिकल व्हॉल्यूम ३७० जीबीवर आणा. बहुतेक जण इथेच अडकतात. रूट लहान झालं तरी वेगळा स्वॅप असेल तर तो त्याच्या मागे, अगदी टोकाला बसलेला असतो, आणि टोकाचे एक्स्टेंट (एलव्हीएम जागा ज्या तुकड्यांत मोजतं ते) वापरात आहेत म्हणून कमांड नकार देते. 'पीव्हीएस -व्ही --सेगमेंट्स' लावून स्वॅप कुठल्या क्रमांकांवर आहे ते बघा आणि 'पीव्हीमूव्ह'ने त्याला मधल्या रिकाम्या जागेत आणा. एकाच डिस्कवर हलवायचं असल्याने '--अलॉक एनीव्हेअर' द्यावं लागतं. मग पीव्हीरिसाइझ मुकाट्याने चालतं.

त्यानंतर व्हॉल्यूम ग्रुप निष्क्रिय करा, लक्स बंद करा आणि 'पार्टेड'मध्ये 'रिसाइझपार्ट' द्या. इथे दोन गोष्टींकडे नीट लक्ष हवं. एक, पार्टेड आकार विचारत नाही, शेवट कुठे हवा ते विचारतं. म्हणजे पार्टिशन जिथे सुरू होतं तिथून ३७५ जीबी पुढे मोजायचं. दोन, पार्टेडचा जीबी १००० च्या हिशोबाचा आणि एलव्हीएमचा १०२४ च्या. पार्टेडचे ३७५ म्हणजे एलव्हीएमचे जेमतेम ३४९, म्हणजे तुमच्या ३७० च्या व्हॉल्यूमवर थेट कुऱ्हाड! मी पार्टेडचं एकक सेक्टरवर ठेवतो, ५१२ बाइटच्या सेक्टरने एक जीबी (१०२४ चा) म्हणजे २०,९७,१५२ सेक्टर. लक्स२चा हेडर साधारण १६ एमबी घेतो, तो ३७० आणि ३७५ मधल्या पाच जीबीच्या फरकात आरामात बसतो.

लक्स पुन्हा उघडा. नेहमीच्या मांडणीत तो स्वतःचा आकार लिहून ठेवत नाही, उघडताना पार्टिशनभर पसरतो, त्यामुळे त्याला वेगळं काही सांगायला नको. आता आकडा न देता पीव्हीरिसाइझ आणि मग 'एलव्हीएक्स्टेंड -आर' चालवून उरलेली जागा रूटला परत द्या.

यूयूआयडी (पार्टिशन-व्हॉल्यूमचे ओळख क्रमांक) बदलत नाहीत, त्यामुळे सुरू होताना काय उघडायचं आणि जोडायचं ते लिहिलेल्या क्रिप्टटॅब किंवा एफएसटॅब फाइलींमध्ये काही करावं लागत नाही. रीस्टार्ट करा, नेहमीसारखा पासवर्ड विचारला जाईल. नवीन पार्टिशन मात्र उबुंटू एकदा नीट सुरू झालेलं बघूनच बनवा.