जीजी पंढरपूरला चालत का गेली नाही

प्रिय मनू,

"जीजीनं एवढ्या लोकांचे पाय शेकले, मग तिला स्वतःला कुणी चालू का दिलं नाही?" परवा वारीचा व्हिडिओ बघता बघता तू विचारलंस आणि उत्तराची वाट न बघता वर खोलीत निघून गेलीस. मला ते झोंबलं. आमच्या घरात जीजीला, माझ्या आजीला, कुणी अडवलं, असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. म्हणून लिहितेय. वाटलं तर वाच, परीक्षा नाही.

सासवडचं घर तू पाहिलंयस ते नवं. बापूमामानं स्लॅब टाकण्याआधी तिथं माळवद होतं, मागे परस आणि परसात न्हाणी. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढते आणि सासवडला पोचते, तो दिवस ज्येष्ठ वद्य एकादशीचा. म्हणजे लांबलचक टप्पा, त्यात घाट, आणि चालणाऱ्यांपैकी बहुतेकांना उपास. आमच्याकडे एक दिंडी उतरायची. पहाटेपासून भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दुसऱ्या दिवशी द्वादशीला पुरणपोळ्या. दोन रात्री आम्हा पोरांना झोपायला ओट्याचा कोपरा मिळाला तरी नशीब.

जीजी चुलीपाशी नसायची, ते माझी आई, म्हणजे माई, आणि शेजारणी बघायच्या. जीजी मागच्या खोलीत, बायकांमध्ये. घमेल्यात मिठाचं गरम पाणी, एकीचे पाय शेकून झाले की दुसरी. फोड आलेला असला तर सुई दिव्यावर धरायची, दोरा ओवून फोडाच्या एका बाजूनं घालून दुसरीकडून काढायची आणि दोरा आतच ठेवायची. पाणी झिरपून जातं, कातडं निघत नाही. माझं काम बॅटरी धरायचं. हात हलला की "नीट धर गं, तिचा पाय आहे तो, भोपळा नाही!" (हे असं करू नये असं माईचं मत होतं. ती नर्स होती. पण जीजीसमोर बोलायची नाही.)

आणि न्हाणी. तुला हे फार मोठं वाटणार नाही, पण हजारो बायका रस्त्यानं चालत असतात आणि त्यांना आडोसा कुठंच नसतो. आमच्या न्हाणीला दार होतं, दाराला कडी होती. ते दोन दिवस घरातल्या पुरुषांनी आंघोळीला कऱ्हेवर जायचं, हा जीजीचा हुकूम. आबांनाही तोच.

तिसऱ्या दिवशी पालखी जेजुरीकडे निघाली की जीजी वेशीपर्यंत चालत जायची. अनवाणी. तिथून पंढरपूर तेरा-चौदा दिवसांची वाट. ती वेशीवरून परत यायची आणि परसात भांडी घासायला बसायची. तासभर तरी कुणाशी बोलायची नाही. लहानपणी मला वाटायचं, दमली असेल. तुझ्या प्रश्नानंतर तो तासच सारखा आठवतोय. पंढरपूरला ती एकदाच गेली, कार्तिकीला, एसटीनं. मी एकदा विचारलंही होतं, तू का जात नाहीस वारीला? "माउली आपणहून दारात येत्यात, मी आणि कुठं जाऊ?" असं म्हणाली होती. हे मी इतकी वर्षं लोकांना कौतुकानं सांगत आलेय.

आता सगळं कौतुकाचंच सांगितलं तर तू भुवया उडवशील, म्हणून हेही सांगते. पालखीच्या दोन दिवसांत आमच्याकडे कुणाला जात विचारली जायची नाही. जीजी कुणाचेही पाय मांडीवर घ्यायची. पण एरवी वर्षभर परसातल्या कोनाड्यात एक कप वेगळा असायचा. सरपण फोडायला येणाऱ्या बाईंना चहा त्यातूनच. साने गुरुजींनी विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून पंढरपुरात उपोषण केलं ते 1947 साली, आणि देऊळ उघडलंही. आमच्या कोनाड्यातला कप त्यानंतर चाळीसेक वर्षं जागचा हलला नाही. एक दिवस माईनं तो घासून घरातल्या कपबशांत ठेवून दिला. भाषण नाही, भांडण नाही. जीजीनं बघितलं, पदर सारखा केला आणि हरिपाठ म्हणायला बसली. तिला पटलं की तिनं सोडून दिलं, मला सांगता येणार नाही.

माई देवळात फारशी जायची नाही. तिची एकादशी पक्की, पण तीही ड्यूटी सांभाळून. पालखीच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या तंबूत गोळ्या आणि मलमपट्टी, घरी येऊन पुरण वाटायला पाट्यावर. तिला मी थकलेली पाहिलंय, चिडलेली पाहिलंय. एकदा रात्री ती मला म्हणाली होती, "तू शीक आणि लांब जा." मी टोरांटोपर्यंत आले. मग कधी आपल्याच ओट्याशी उभी असताना वाटतं, त्या घरातून मी जरा पळूनच आले. आणि त्याच घरातलं सगळं तुला सांगत बसते. तुला ही गंमत वाटत असेल.

माई इथं आली होती तेव्हा तू पाचेक वर्षांची होतीस. बर्फ काढायला आलेल्या माणसाला तिनं आलं घातलेला चहा नेऊन दिला, तो ही काय भानगड म्हणून कप हातात धरून उभा. तू खिडकीतून हसत होतीस. तिच्या लेखी तो चहा भक्तीतच जमा होता, मला वाटतं. विचारलं असतं तर म्हणाली असती, थंडी आहे ना बाहेर.

तू हे काही करावंस असं मी म्हणत नाहीये. उपास करू नकोस, तुला झेपतही नाही. जीजीची कीव मात्र इतक्यात करू नकोस एवढंच. किंवा कर, पण आधी सुमामावशीला फोन लाव. ती सांगेल की एका वर्षी आबा स्वतः म्हणाले होते, यंदा तू जा, आणि जीजीच गेली नाही. मग बापूमामाला विचार. तो म्हणेल, परवानगी बिरवानगी काही नाही, म्हैस व्यायला झाली होती. दोघंही शपथेवर सांगतील. मी आजवर म्हशीच्या बाजूनं होते. परवापासून जरा कमी.

तुझी,
आई